चार पथ्यं, एक ओटा

प्रश्न थोडक्यात असा: घरात पाच माणसं. अकरा वर्षांच्या मुलीला सीलिअ‍ॅक, म्हणजे गहू पूर्ण बंद. चार वर्षांच्या मुलाला दुधाची आणि काजूची अ‍ॅलर्जी. नवऱ्याला दूध पचत नाही. सासूबाईंनी कांदा, लसूण किंवा गव्हाचं काही खाल्लं की पोट फुगतं. मध्यंतरी मुलाची नव्वद पदार्थांची रक्तचाचणी केली, त्यात आणखी एकवीस पदार्थ ‘वर्ज्य’ निघाले. रोज चार वेगळे स्वयंपाक करून मी मेटाकुटीला आले आहे. सगळ्यांसाठी सगळंच बंद करून टाकू का? आणि माझा सकाळचा लोणी लावलेला टोस्ट, तोही सोडायचा?

टोस्टचं शेवटी सांगते. आधी ‘सगळंच बंद’चं बोलू, कारण तो मोह जवळपास प्रत्येक घराला होतो. आहारतज्ज्ञ म्हणून वीसेक वर्षं अशा घरांच्या स्वयंपाकघरात डोकावते आहे. सगळं बंद केलेलं घर दोन महिने कडक पाळतं, मग कोणाच्या तरी वाढदिवसाला सगळे नियम एकदम सुटतात आणि नेमके जे सुटायला नको होते तेही सुटतात. चार स्वयंपाक करणारं घर त्याहून धोक्याचं, कारण चार पातेली, चार डाव आणि एक दमलेली बाई म्हटल्यावर डाव कधीतरी चुकीच्या पातेल्यात जाणारच.

तुमच्या घरात चार पथ्यं आहेत, पण ती एका जातीची नाहीत. प्रत्येकाबद्दल एकच गोष्ट विचारा: किती पोटात गेलं तर त्रास होतो? त्या उत्तरावरून भांडी ठरतात, जागा ठरते, स्वयंपाकाचा क्रम ठरतो.

नवऱ्यापासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यात सोपं. दुधातली साखर, लॅक्टोज, फोडणारं विकर आतड्यात कमी पडतं, एवढंच. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना एका वेळी साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे कपभर दुधाइतकं, इतर जेवणाबरोबर फारसा त्रास न होता पचतं. दह्यात ते थोडं कमी असतं आणि दह्यातले जिवाणू पचवायला मदत करतात. लोण्यात नावापुरतं असतं, मुरवलेल्या कडक चीजमध्ये जवळजवळ नसतंच. यांच्यासाठी वेगळं पातेलं लावू नका. त्यांचं पथ्य त्यांच्या पेल्यापुरतं आहे आणि ते त्यांचं त्यांना सांभाळता येतं.

सासूबाईंचं पथ्य चमच्यात मोजायचं. कांदा, लसूण आणि गहू तिन्हींत फ्रुक्टान नावाची कर्बोदकं असतात. ती लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यात आंबतात आणि पोट फुगतं. इथे दिवसभराची बेरीज होते. सकाळी थोडा पाव, दुपारी भाजीतला थोडा कांदा, रात्री थोडा लसूण. एकेक चाललं असतं, तिन्ही मिळून चालत नाही. म्हणून त्या म्हणतात, ‘परवा तर हेच खाल्लं होतं, तेव्हा काही झालं नाही.’ त्या खोटं बोलत नाहीत, आणि त्रासही मनाचा नाही.

मुलीचं पथ्य मिलिग्रॅमचं आहे. सीलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, बार्ली आणि राय नावाचं धान्य यांच्यातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उठते. बहुतेक रुग्णांना दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन निभावतं. आता हिशेब बघा: एक ग्रॅम गव्हाच्या पिठात ग्लूटेन असतं ८० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे ग्रॅमचा आठवा भाग, चिमटीच्या टोकाला चिकटलेलं पीठ, एवढ्यात दिवसाची मर्यादा संपली. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायला किलोला २० मिलिग्रॅमची जी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, ती याच हिशेबातून आलेली.

आणि मुलाचं पथ्य मोजायचंच नाही. दुधाच्या किंवा काजूच्या प्रथिनाचा किती अंश आज पुरेल, हे घरी कोणी सांगू शकत नाही. आजारपणात, ताप असताना किंवा खेळून दमलेला असताना तेवढाच अंश जास्त भारी पडू शकतो. त्याच्यासाठी उत्तर शून्य.

इथे एक गल्लत मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती वेगळी सांगते. नवऱ्यासाठी आणलेलं लॅक्टोज-फ्री दूध मुलाला देऊ नका. त्यातली साखर फोडलेली असते, प्रथिनं सगळी जागच्या जागी असतात, आणि मुलाचं वैर प्रथिनांशी आहे. शेळीचं दूधही नको, त्यातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी फार मिळतीजुळती असतात. तूप कितीही नीट कढवलं तरी प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून तेही नाही. काजूबरोबर पिस्ताही बाजूला ठेवा. या दोघांचं इतकं साम्य आहे की एकाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना दुसऱ्याचीही बहुधा असते.

आता भांड्यांना हात लावण्याआधी एक रक्तचाचणी. सीलिअ‍ॅक घराण्यातून येतो. आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहात एकाला तो सापडतो, आणि पुष्कळदा काही लक्षणं नसताना. तुमच्या पत्रात मला सगळ्यात खटकलं ते नवऱ्याचं. सीलिअ‍ॅकने आतड्याचं अस्तर झिजलं की लॅक्टोज फोडणारं विकरही कमी पडतं, कारण ते त्याच अस्तराच्या टोकाला तयार होतं. म्हणजे मुलीला सीलिअ‍ॅक आणि बापाला दूध पचत नाही हा योगायोग असेल, पण तपासल्याशिवाय तसं धरून चालू नका. तुम्ही, ते आणि धाकटा, तिघांची टीटीजी-आयजीए (सीलिअ‍ॅकमध्ये रक्तात वाढणारी प्रतिपिंडं) आणि एकूण आयजीए तपासून घ्या. सासूबाईंना गव्हानेच त्रास होतो, तेव्हा त्यांचीही. आणि हे महत्त्वाचं: चाचणी होईपर्यंत गहू सोडायचा नाही. गहू आधी बंद केला की प्रतिपिंडं उतरतात आणि अहवाल खोटाच निर्मळ येतो. मग खरं काय ते कळायला पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो, आणि त्याला कोणी तयार होत नाही.

दुसरी गोष्ट, ते एकवीस पदार्थ. अशा लांबलचक याद्या देणाऱ्या चाचण्या बहुधा आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात. आयजीजी असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता आणि शरीराला तो ओळखीचा आहे, इतकंच. युरोप आणि अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही चाचणी निदानासाठी वापरू नका असं स्पष्ट सांगितलेलं आहे. अहवालावर ‘आयजीजी’ दिसलं तर तो डॉक्टरांना दाखवा आणि ते एकवीस पदार्थ परत सुरू करण्याबद्दल विचारा. ‘आयजीई’, म्हणजे अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंडं, असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही नुसता आकडा वर असणं म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. खाल्ल्यावर काय झालं होतं ते महत्त्वाचं. वाढत्या वयाच्या मुलाचं ताट विनाकारण रिकामं करणं हेही नुकसानच आहे.

आता ओट्याकडे वळते.

एका घरातल्या मुलाच्या प्रतिपिंडांचा आकडा आठ महिने हलेना. आई काटेकोर, पिठं वेगळी, डबे वेगळे, प्रत्येक पाकीट वाचणारी. मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, आता नेहमीसारखं करा, मी नुसती बसते. तांदळाचं पीठ घेतलं, ते चाळायला चाळणी काढली. चाळणी स्वच्छ धुतलेली, चकचकीत. मी ती एका काळ्या ताटलीवर उलटी धरून कडेवर बोटांनी टिचक्या मारल्या. जाळी जिथे पत्र्यात दुमडलेली असते, त्या घडीतून पांढरी भुकटी झिरझिर पडली. गव्हाच्या पिठाची, कितीतरी महिन्यांची. चाळणी बदलली, लाकडी लाटणं आणि लाकडी बोर्ड बदलला. पुढच्या तपासणीला आकडा उतरला.

हे सांगायचं कारण, ग्लूटेन किंवा दुधाचं प्रथिन म्हणजे जंतू नव्हे. उकळून मरत नाही, तळून जळत नाही, भांडं गरम केलं म्हणून शुद्ध होत नाही. ते फक्त साबण लावून, घासून, वाहत्या पाण्याखाली काढून टाकता येतं. जिथे घासणी पोचत नाही तिथे ते राहतं. या एका कसोटीवर सगळं घर तपासा. स्टील, काच, गुळगुळीत पृष्ठभाग: नीट धुऊन सगळ्यांना चालतील. चाळणी, चाळण, लाकूड, चरे पडलेलं नॉनस्टिक, टोस्टर, किसणीची भोकं: मुलीसाठी वेगळे. गव्हाचं काही तळलेल्या तेलात तिचं काही तळायचं नाही. भांडी घासायची घासणीही वेगळी, रंग वेगळा.

हातांचंही तसंच. पाण्याने नुसते खळबळून किंवा सॅनिटायझर चोळून शेंगदाण्यासारख्या गोष्टींची प्रथिनं जात नाहीत. सॅनिटायझर जंतू मारतो, प्रथिन तिथेच पसरवतो. साबण हवा.

घरात काय यावं, काय येऊ नये? माझं मत असं. काजू आणि पिस्ते सरळ हद्दपार. त्यांच्यावाचून कोणाचंही काही अडत नाही. गव्हाचं कोरडं पीठही नको, कारण ते उडतं आणि तासन्‌तास कुठे कुठे बसत राहतं. पण भाजलेला, पाकिटातला पाव येऊ द्या; तुकडे पडतात ते दिसतात आणि पुसता येतात. दूध येऊ द्या, पण ते पेल्यात आणि टेबलावर, ओट्यावर उघड्या पातेल्यात नाही. घरातल्या प्रत्येक वस्तूवर बंदी घातली की मोठी माणसं चोरून खातात, आणि चोरून खाणारा माणूस हात धुवत नाही.

आता मुख्य स्वयंपाक. चार नव्हे, एकच. त्याचा पाया असा की पातेल्यात गहू, दूध आणि काजू कधीच पडत नाहीत. कांदा-लसूण पातेल्यात नाही, ताटात. म्हणजे ज्यांचं पथ्य मिलिग्रॅमचं आणि शून्याचं, त्यांच्या नियमाने पातेलं चालतं. ज्यांचं कपाचं आणि चमच्याचं, त्यांची सोय वाढताना होते. तांदूळ, मका, डाळी, बटाटा, भाज्या, फळं, अंडी, मासे, मांस, तेल: यातलं काहीही तुमच्या यादीच्या आड येत नाही. फक्त डाळी शिजवण्याआधी पांढऱ्या ताटलीत पसरून निवडा आणि धुवा. डाळींच्या पाकिटात गव्हाचा चुकार दाणा सापडतो, मला स्वतःला कितीदा सापडला आहे. पिठं मुलीसाठी ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेलीच घ्या, कारण एकाच गिरणीत सगळं दळलं जात असेल तर तांदळाचं पीठही निव्वळ तांदळाचं राहत नाही. ओट्सचं तेच.

सासूबाईंचं दुखणं खरं म्हणजे चवीचं आहे. लसणीवाचून सगळं फिकं लागतं असं त्या म्हणत असणार. यावर एक युक्ती आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेल मंद तापवा, लसणीच्या अख्ख्या पाकळ्या त्यात सोडा, कडा सोनेरी होईपर्यंत ठेवा आणि पाकळ्या काढून टाका. वास आणि चव तेलात राहते, फ्रुक्टान पाकळीबरोबर बाहेर. रश्शात अख्खी पाकळी टाकून नंतर काढली तर मात्र उपयोग नाही, तिथे पाणी आहे. हे तेल लागेल तेवढंच करा आणि लगेच वापरा. लसूण मुरवलेलं तेल बाहेर ठेवलं तर त्यात बोट्युलिझमचे जिवाणू वाढण्याची भीती असते. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग. बाकीच्यांसाठी कांदा वेगळा परतून वाटीत ठेवा, ज्याला हवा तो वरून घेईल. हिंगाने काम भागतं, पण डबी वाचा: भुकटी हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि सासूबाईंना चाललेला हिंग नातीला बाधतो.

डबी वाचण्यावरून आठवलं. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. ‘माल्ट’ म्हणजे बार्ली. ‘केसिन’, ‘केसिनेट’, ‘व्हे’ म्हणजे दूध. ‘डेअरी-फ्री’ आणि ‘लॅक्टोज-फ्री’ हे सारखे शब्द नाहीत. ‘अंश असू शकतो’ ही सूचना पुष्कळ ठिकाणी कंपनीच्या मर्जीवर असते, म्हणून ती नसली म्हणजे अंश नाहीच असं होत नाही. आणि ओळखीचं पाकीटही दर वेळी वाचा, कृती न सांगता बदलते.

दाटपणासाठी हात आपोआप मैदा, साय किंवा काजूच्या वाटणाकडे जातो, आणि तुमच्या घरात नेमकी हीच तीन बंद. रस्सा दाट करायला शिजलेला बटाटा त्यातच कुस्करा, किंवा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून शेवटी घाला. सायीच्या जागी नारळाचं दूध. काजूच्या वाटणाच्या जागी सूर्यफुलाच्या बिया: गरम पाण्यात तासभर भिजवून, त्याच पाण्यात अगदी गुळगुळीत वाटायच्या. रंग किंचित राखाडी येतो, चव छान. याच बियांचं पीठ केकमध्ये सोड्याबरोबर वापरलंत तर केक गार झाल्यावर आतून हिरवा होतो. घाबरू नका, तो बुरशीचा रंग नव्हे. बियांतल्या एका आम्लाची सोड्याशी झालेली क्रिया आहे. मी पहिल्यांदा तो केक फेकून दिला होता.

केकचा विषय निघाला आहे तर तेही. तुमचं नशीब चांगलं, घरात अंडी चालतात. ग्लूटेनचं काम पिठाला बांधून ठेवणं. ते गेलं की अंडं बरंचसं सांभाळून घेतं. तांदळाचं पीठ दोन भाग, बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च एक भाग, वजनाने, वाटीने नव्हे. अडीचशे ग्रॅम मिश्रणाला चहाचा सपाट चमचाभर इसबगोल. लोण्याऐवजी तेल, दुधाऐवजी पाणी किंवा नारळाचं दूध. कालवल्यावर अर्धा तास झाकून ठेवा. ही पायरी लोक गाळतात आणि मग केक दाताखाली वाळूसारखा लागतो, कारण तांदळाच्या पिठाला पाणी प्यायला वेळ लागतो. आणि मोठ्या टिनाऐवजी लहान कपांत भाजा. बिनग्लूटेनचा मोठा केक मध्ये खचतो. कधी अंडंही टाळायची वेळ आली तर मोठा चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवली की एका अंड्याचं बांधणं होतं. फुलवणं मात्र होत नाही.

वाढण्याच्या वेळी काय होतं ते सांगते, कारण चुका स्वयंपाकात कमी आणि टेबलावर जास्त होतात. प्रत्येक पातेल्यात स्वतःचा डाव, आणि तो पातेलं सोडून जात नाही. मुलांची ताटं आधी वाढायची, मग मोठ्यांची. जॅम, चटणी, लोणचं यांच्या बरण्यांत सुरी जाते, सुरीला पावाचा चुरा असतो, आणि बरणी कायमची बाधित होते. पिळायच्या बाटल्या आणा, प्रश्न मिटतो.

मुलाला दूध नाही म्हणजे कॅल्शिअम आणि प्रथिनं दुसरीकडून हवीत. सोया चालत असेल तर कॅल्शिअम घातलेलं सोयाचं पेय चांगलं. १०० मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शिअम आहे का ते पाकिटावर बघा, आणि ओतण्याआधी हलवा, ते तळाशी बसतं. तांदळाचं दूध या वयात रोजचं पेय म्हणून नको, त्यात अर्सेनिक येऊ शकतं. उंची-वजन दर तीन-चार महिन्यांनी मोजा.

त्याची इमर्जन्सी तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारते: अ‍ॅड्रेनलिनचं पेन, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या जोरदार झटक्यात घरीच टोचायचं तयार इंजेक्शन, दिलेलं आहे का? नसेल तर या आठवड्यात डॉक्टरांशी बोला. खाल्ल्यानंतर श्वासाला त्रास, आवाज घोगरा, एकदम मलूल होणं, किंवा अंगावर गांधी आणि वारंवार उलट्या एकत्र, यातलं काही दिसलं तर पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच. आडवं झोपवा, पाय थोडे वर. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. पाच मिनिटांत उतार नसेल तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी रुग्णालय, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते. अ‍ॅलर्जीची गोळी खाज थांबवते, घशाची सूज थांबवत नाही. तिची वाट बघत बसू नका. पेन कुलूपबंद कपाटात नको, आणि सासूबाईंनाही ते वापरता आलं पाहिजे. मुदत संपलेल्या पेनने संत्र्यावर सराव करून घ्या.

सासूबाईंचं पथ्य कायमचं धरू नका. फ्रुक्टान दोन ते सहा आठवडे कमी करायचं, पोट शांत झालं की एकेक परत आणायचं: आधी गहू तीन दिवस, मग थांबा, मग कांदा. पुष्कळदा लसूण नडते आणि गहू थोडा चालतो, असं निघतं. नवऱ्याचंही तेच, पेला हळूहळू वाढवून बघा.

आता तुमचा टोस्ट. तो सोडू नका. पण त्यात तुमच्या घरातल्या दोन मोठ्या गोष्टी एकत्र आहेत, वर लोणी मुलासाठी, खाली चुरा मुलीसाठी. टोस्टर ओट्यावरून उचलून एका कोपऱ्यातल्या शेल्फवर ट्रेमध्ये ठेवा, सुरी आणि लोण्याची डबी त्याच ट्रेमध्ये, रंगीत चिकटपट्टी लावून. मुलं उठण्याआधी खा. बशी दुसऱ्या भांड्यांत न टाकता लगेच धुवा, टेबल साबणाच्या पाण्याने पुसा, आणि धाकट्याची पापी घेण्याआधी हात आणि तोंड.